जातं हळदीला गेलंय

मला रविवारी घरात बसवत नाही. माझा नवरा याला पायाला भिंगरी म्हणतो. सासूबाई आणखी काहीतरी म्हणतात, पण त्या हळू म्हणतात, म्हणून मला ऐकू आलं नाही असं मी धरून चालते. मी हिंगोलीत शाळेवर चित्रकला शिकवते. आठवडाभर लेकरांना सांगते की झाडाचं खोड चॉकलेटी नसतं, जरा नीट बघा. आणि रविवार उजाडला की स्वतः नीट बघायला स्कूटरवर मागे बसते.

औंढ्याला आणि नरसीला सगळेच जातात. आम्हीही जातो, हात जोडतो, प्रसाद घेतो. पण माझा जीव अडकतो तो आडरस्त्यावरच्या गोष्टींत. एका गावात पारावर जुनी तोफ पडली आहे, तिला गावकरी मावशी म्हणतात आणि दर पोळ्याला तेल चोळतात. तेल कशाला, असं विचारलं तर पारावरचे म्हातारबा म्हणाले की तिचे सांधे धरतात. दुसऱ्या एका गावात एक शिंपी आहे. लोकांनी शिवायला टाकलेले आणि परत कधी न नेलेले कपडे त्याने दुकानाच्या भिंतीला रांगेने टांगले आहेत. प्रत्येक सदऱ्याची तो गोष्ट सांगतो, आणि गोष्टीच्या शेवटी मालकाला शिव्या. सिद्धेश्वर धरणाच्या रस्त्याला एक चहावाला आहे, त्याने मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यात सापडलेलं काय काय फळीवर मांडलंय. चष्मे, एक कडी, एक बाहुली आणि दातांची कवळी. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो विचारतो, यातलं काही तुमचं आहे का बघा. नवऱ्याने ती कवळी पाहिली आणि पुढे कित्येक दिवस चहात बिस्कीट बुडवलं नाही.

पण या सगळ्यांत पहिला नंबर माझ्या आत्याच्या म्युझियमचा. तुम्ही म्हणाल, घरचंच कौतुक. असू द्या. घरचं कौतुक घरच्यांनी नाही करायचं तर काय शेजाऱ्यांनी करायचं?

आत्याचं गाव सेनगावच्या रस्त्याला फाट्यावरून आत आहे. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, गेले, बैल विकले, शेत बटईने दिलं आणि मोठा थोरला गोठा रिकामा पडला. आत्याला रिकामं काही बघवत नाही. रिकामा डबा दिसला की ती त्यात मूठभर डाळ टाकते, रिकामा माणूस दिसला की त्याला काम सांगते. त्याच सुमारास गावात घरोघरी स्टीलची पिंपं आणि प्लास्टिकच्या खुर्च्या येत होत्या, आणि जुनं सगळं भंगारवाल्याच्या गाड्यावर चढत होतं. आत्याने एके दिवशी गाडा अडवला आणि वरचं घंगाळ उतरवून घेतलं. भंगारवाला आधी भांडला, मग कंटाळला, आणि आता तर तोच गावात शिरला की पहिला तिच्या दारात थांबतो.

अशी गोठ्यात जाती आली, उखळ-मुसळ आलं, समया, पाट, पितळी पराती, मोटेचं चामडं, निजामाच्या काळातली किल्ल्या हरवलेली कुलुपं आली. तांड्यावरच्या एका आजीने स्वतःच्या हाताने भरलेली बैलाची झूल आणून दिली, तिच्यावरचे आरसे उन्हात डोळे दिपवतात. सागवानी पाळणा आला. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून पत्र्याच्या पाट्या रंगवल्या आणि वस्तूंच्या वर खिळ्यांना तारेने अडकवल्या. पाळण्याच्या पाटीवर आत्याने मुद्दाम लिहून घेतलं, "पाळणा. रिकामा हलवू नये." तरी कुणीतरी हलवायचंच, म्हणून मग तिने त्यात कायमचा एक वरवंटा दुपट्यात गुंडाळून निजवला.

आता खरी गंमत पुढेच आहे. म्युझियममधली वस्तू बघायची असते, हे आत्याच्या गावाला कधी पटलंच नाही. लग्न निघालं की पहिल्यांदा आत्याकडे माणूस. हळद दळायला जातं द्या, नवरदेवाला न्हाऊ घालायला घंगाळ द्या, पंगतीच्या मानाला पाट द्या. आत्या नाही म्हणायची नाही. पण जागा रिकामी राहणार, ते तिला चालेना. म्हणून तिने नियम केला: वस्तू न्यायची तर तिच्या जागी नारळ ठेवायचा. वस्तू घासूनपुसून परत आली की नारळ फोडायचा, अर्धा त्यांचा, अर्धा तिचा. आणि दुसरा नियम असा की एकदा नारळ ठेवला की मधेच वस्तू परत मागायची नाही, देवाने मागितली तरी नाही.

नांदेडहून एकदा एक जोडपं वाट वाकडी करून आलं होतं. त्या गृहस्थांनी "जातं" या पाटीखालचा नारळ बराच वेळ निरखून पाहिला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला. आत्या शांतपणे म्हणाली, "जातं हळदीला गेलंय. परवा येतंय." आमच्या मुलखात घरोघरी शेंगदाण्याची चटणी असते, आत्याकडे मात्र चटणीत खोबरं, भाजीत खोबरं आणि लग्नसराईत तर चहाबरोबरसुद्धा खोबरं.

हे असं सुखाने चाललं असतं. पण आत्याचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, पुण्यात कंपनीत आहे. पोरगं गुणाचं आहे, आईवर जीव आहे त्याचा. त्याचं म्हणणं एवढंच की गोठा रस्त्याला लागून आहे, तो पाडून तिथे गाळे काढावेत, ते भाड्याने द्यावेत आणि आईने पुण्याला येऊन आराम करावा. त्याला वाटायचं की आई एकटी आहे म्हणून भंगार जमवते. आत्याने नाना तऱ्हेने समजावलं. शेवटी वैतागून तो फोनवर म्हणाला की, एवढंच जर हे खरं म्युझियम असेल तर सरकारला सांग फाट्यावर बोर्ड लावायला. तो बोर्ड माझ्या डोळ्यांना दिसला तर मी जन्मात गोठ्याचं नाव काढणार नाही, आणि नाही दिसला तर दिवाळीनंतर पाडकाम.

त्या दिवशी मी तिथेच होते. आत्याने फोन ठेवला आणि पदराने एक समई पुसत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुण्यात गेले तर मी बी त्याच्या घरातली एक वस्तू होईन, माय. येऊन मला पाटी लावशील का?"

मला रडू आलं, आणि मला रडू आलं की राग येतो. मी त्याच रागात जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज दिला. चकरा मारल्या. आणि एक दिवस खरंच एका साहेबांचा आत्याला फोन आला की पाहणीला येतो, कोणता दिवस सोयीचा?

इथे आत्याने जे केलं ते आमच्या घराण्यातलं माणूसच करू जाणे. चांगल्या कामाला चांगला दिवस हवा, म्हणून तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, बोट फिरवलं आणि अख्ख्या वैशाखातला सगळ्यात उत्तम मुहूर्ताचा दिवस साहेबांना दिला.

त्या दिवशी सकाळी मी नवऱ्याच्या मागे बसून गावात पोचले तर मांडवच मांडव. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. गोठ्याचं दार ढकललं आणि मी उंबऱ्यातच थबकले. आत सगळीकडे नारळ होते. "घंगाळ" खाली नारळ. "उखळ-मुसळ" खाली शेजारीशेजारी दोन नारळ. "समई" खाली, "परात" खाली, "सतरंजी" खाली नारळ. पाळणा गेला होता आणि खाली दुपट्यात गुंडाळलेला वरवंटा नारळाला टेकून झोपला होता. जागेवर होती ती फक्त मोट आणि कुलुपं, कारण ती कुणाच्याच लग्नात लागत नाहीत. मधोमध आत्या कमरेवर हात ठेवून उभी होती.

"काहून झालं असं?" ती मला म्हणाली. "मी तर दिवस बराबर पाहून दिला होता."

मी म्हटलं, आत्या, तुम्ही पाहिला तोच दिवस सगळ्या गावाने पाहिला. तिने एकवार सगळ्या नारळांवरून नजर फिरवली. मग तिचं पोट हलायला लागलं, मग माझं, आणि आम्ही दोघी त्या नारळांच्या मधे खाली बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. नवरा दारात उभा राहून म्हणाला की साहेब आले. आम्हाला वाटलं थट्टा करतोय, पण साहेब खरोखरच त्याच्या मागे उभे होते.

साहेब तरुण होते, पांढराशुभ्र शर्ट, हातात फाइल. त्यांनी एकेक पाटी वाचली, एकेक नारळ पाहिला आणि सगळी फेरी पूर्ण करून फार अदबीने विचारलं की अर्जात वस्तूंचं म्युझियम लिहिलंय, हे नारळांचं आहे का. आत्याने नियम सांगितला. साहेब म्हणाले, सगळं खरं, पण मला प्रत्येक वस्तूचा पाटीसकट फोटो लागेल. आत्या चपला घालत म्हणाली, मग चला की.

मी खिळ्यांवरच्या पाट्या पटापट काढून पिशवीत भरल्या आणि आमची वरात निघाली. पुढे आत्या, मधे साहेब, मागे पाट्या वाजवत मी आणि सगळ्यांत मागे, मी यांना ओळखत नाही असा चेहरा केलेला माझा नवरा.

पहिल्या लग्नघरी नवरदेव अंगभर हळद लावून पाटावर बसला होता आणि शेजारी आमचं घंगाळ वाफाळत होतं. मी घंगाळाला पाटी टेकवली, साहेबांनी फोन काढला, तेवढ्यात करवल्यांनी ओंजळभर हळद उधळली. साहेबांचा शर्ट जो पिवळा झाला तो झालाच. नवरदेवाने फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगितला. दुसऱ्या घरचं लग्न उद्याचं होतं; तिथे आज हळद दळणं चाललं होतं. बायांनी साहेबांना सोडलं नाही, जात्याला हात लावल्याशिवाय पुढे जायचं नाही म्हणाल्या. साहेबांनी दोन मुठी दळल्या, उलट्या बाजूने फिरवलं म्हणून बोलणी खाल्ली आणि मग सुलट्या बाजूने दळल्या. तिथून तांड्यावर. तिथे नव्या ट्रॅक्टरची पूजा होती आणि त्याच्या बोनेटवर आजीची झूल घातली होती, पुढे घुंगरमाळ. आरशांत साहेब दिसायला लागले, अनेक साहेब, सगळे पिवळे. आजीने त्यांना झुलीवरचा एकेक टाका दाखवला आणि ट्रॅक्टरला ही बैलापेक्षा आखूड पडते अशी तक्रार केली.

विहारात एका लग्नाची मंडळी बसली होती. त्यांच्यात मुहूर्त बघत नाहीत, पण सगळे सोयरे त्या दिवशी गावात असणारच, मग तोच दिवस धरला होता. म्युझियमची सतरंजी आबालवृद्धांनी भरलेली, पाटी कुठे टेकवावी हा प्रश्न. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी ती आपल्या छातीशी धरली. फोटोत ते "सतरंजी, हातमागाची" म्हणून फार रुबाबदार आले आहेत.

शेवटी बारशाच्या घरी गेलो. तिथे मात्र आपोआप सगळ्यांचे आवाज खाली आले. पाळण्यात बाळ झोपलं होतं, मूठ कानाशी. मी पाटी हळूच टेकवली, "रिकामा हलवू नये." साहेबांनी फोटो काढला, पण ते लगेच निघाले नाहीत. दोरी हातात घेऊन त्यांनी पाळण्याला दोन हलके झोके दिले आणि मग बाळाच्या आईकडे बघून ओशाळले. मग आम्ही पंगतीला बसलो. जेवता जेवता साहेबांनी कागद काढून विचारलं की पाट तेवढे राहिले, ते कुठे आहेत. आत्या म्हणाली, "त्याच्यावरच तर बसून राहिले तुमी."

निघताना मात्र साहेब गंभीर झाले. ते खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. म्हणाले, काकू, मला फार आवडलं, पण म्युझियम म्हणजे वस्तू जागेवर पाहिजेत. मी शब्द देऊ शकत नाही. आत्याचा चेहरा उतरला. दिवसभर हसणारी बाई एकदम थकलेली दिसली. तरी तिने साहेबांच्या हातात नारळ दिला आणि म्हणाली, "जातं हळदीत हाय, पाळणा लेकराखाली हाय. त्यांच्या जागा मला ठाऊक हायेत, साहेब. माझी तेवढी तुमच्या हातात हाय."

साहेब नारळ घेऊन गाडीत बसले. गाडी फाट्याकडे गेली आणि आम्ही दोघी पाट्या परत खिळ्यांना अडकवत बसलो.

पाऊसकाळ गेला. सोयाबीन निघालं. आतेभाऊ दिवाळीला येऊन गेला आणि टेपने गोठा मोजून गेला. आत्या त्या दिवशी चकलीत मीठ घालायला विसरली. आणि दिवाळीनंतर, आम्ही आशा सोडून दिल्यावर, एक जीप फाट्यावर थांबली, दोन माणसांनी खड्डा खणला आणि बोर्ड उभा केला. निळा, पांढऱ्या अक्षरांचा, खाली ऐसपैस बाण. साहेबांचा फोन आला. त्यांनी सगळे फोटो वर पाठवले होते. वरच्या साहेबांनी ते पाहिले आणि एवढंच विचारलं की झुलीच्या आरशांतला हा पिवळा माणूस कोण, तेव्हा आपल्या साहेबांनी सांगितलं की मीच, आणि सही झाली.

आत्याने बोर्डाला हळदकुंकू लावलं. मी फोटो काढून पुण्याला पाठवला. भाऊ म्हणाला, फोटोचं काय घेऊन बसलीस, फोटोत काहीही करता येतं. मी येतो आणि डोळ्यांनी बघतो. तुळशीचं लग्न झाल्यावर सुट्टी काढून यायचं त्याने ठरवलं. दिवस त्याचा त्याने निवडला, आणि कॅलेंडर मात्र बघितलं नाही.

तो येणार त्या सकाळी आम्ही दोघं आत्याकडेच होतो. ती पुरणाचं घालत होती. शेजारची बाई दूध घेऊन आली आणि सहज म्हणाली, फाट्यावरचा बोर्ड न्हाई तिथं. माझ्या हातातली वाटी खाली पडली. नवरा स्कूटर काढून गेला आणि परत येऊन म्हणाला की पुढच्या वळणावर लग्न आहे, पाहुणे चुकतात म्हणून त्यांनी बाणासाठी बोर्ड नेलाय. वर "शुभविवाह" चा कागद चिकटवलाय आणि झेंडूची माळ घातलीय. मी म्हटलं, मग उचलून आणायचा ना. तो म्हणाला, आणला असता, पण इकडे खांबाला त्यांनी लाल फडक्यात नारळ बांधलाय.

मी आत्याकडे पाहिलं. तिच्या हाताला पुरण लागलेलं होतं. तिला सगळं कळत होतं, भाऊ कोणत्याही क्षणी उतरणार होता आणि त्याला मोकळा खांब दिसणार होता. मी चप्पल घालायला लागले. म्हटलं, तासाभरासाठी आणते, त्यांना सांगते, हातापाया पडते.

"नारळ ठेवलाय ना त्यांनी?" आत्या म्हणाली. "मग मागायचं न्हाई."

मी तिच्यावर ओरडले. म्हटलं गोठा जाईल, तुमच्या नियमाचं काय लोणचं घालायचंय. ती परातीत बघत पुरण वाटत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने होकाराला मान हलवली नाही. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"ताई," भाऊ म्हणाला, "मी फाट्यावर हाय. इथं बोर्ड न्हाई."

मी नुसतं हं म्हटलं.

"खांबाला नारळ हाय. लाल फडक्यात." तो थांबला, आणि मग फोनमध्ये खदखद ऐकू आली. मला आधी वाटलं रेंज गेली. तो हसत होता, लहानपणी हसायचा तसा, श्वास लागेपर्यंत. "बोर्ड लग्नाला गेला ना? म्हंजे मी बराबर जागी उतरलो. आईला सांग, गाळ्याचं राहू दे. मला नारळ दिसला, तेवढं पुरे हाय."

मी आत्याला सांगायला गेले तर हसू आणि रडू यांच्यात शब्दच फुटेना, म्हणून फोनच तिच्या कानाला लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. पुरणाच्या हाताने डोळे पुसले, गालभर पुरण झालं, आणि ती त्याला म्हणाली, "येताना तो नारळ सोडून आणू नको, बाबा. बोर्ड येईस्तोवर तिथं ऱ्हाऊ दे त्याला."